कॅच कुस्ती शिकताना काय वाचावं, काय पाहावं

प्रस्तावना

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमधल्या शेफर्ड्स बुश भागातल्या स्टेडियममध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को एकमेकांना भिडले. कुस्ती ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ पद्धतीची होती. तिलाच आज थोडक्यात कॅच रेसलिंग किंवा कॅच कुस्ती म्हणतात. गामाने पहिल्याच झपाट्यात झिबिस्कोला खाली घेतलं. झिबिस्को अंगाने भारी आणि अनुभवाने मुरलेला. त्याने गादी धरली ती काही सोडली नाही. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि त्यातला बहुतेक वेळ गामा वर, झिबिस्को खाली, असाच गेला. निकाल लागला नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवलं.

लंडनच्या त्या कुस्तीत जो प्रश्न उभा राहिला, तो प्रत्येक कुस्तीगिराला कधी ना कधी पडतोच. खाली बसलेला ताकदवान गडी कोपरं आवळून, अंग चोरून, काहीही न करता पडून राहिला तर त्याला फिरवायचं कसं? आपल्या तालमींनी या प्रश्नावर घिस्सा, मोळी, भारंदाज अशी उत्तरं शोधली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या खाणकामगारांनी आणखी एक उत्तर शोधलं. त्याच्या खांद्याला, घोट्याला किंवा मानेला असा पेच घालायचा की सुटण्यासाठी त्याला हलावंच लागेल. तो हलला की त्याची पाठ लावायची, आणि नाही हलला तर त्याने हार कबूल करायची. कॅच कुस्तीत चीत करणं आणि शरण आणणं अशा दोन्ही मार्गांनी निकाल लागतो, आणि ते दोन्ही मार्ग एकमेकांना वाट करून देतात. शरणागतीच्या धाकाने पाठ उघडी पडते आणि पाठ वाचवायच्या धडपडीत हात-पाय सापडतात. सगळं शास्त्र या देवाणघेवाणीत आहे.

हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं, की कॅच कुस्तीची पुस्तकं आणि व्हिडिओ निवडताना मी हीच एक कसोटी सर्वांत वर ठेवतो. जे साहित्य फक्त शेवटची पकड दाखवतं ते अपुरं आहे. पकडीपर्यंत पोचायचं कसं, समोरचा सुटू लागला तर पुढे काय आणि पाठ कुठे लागते हे जे साहित्य दाखवतं, ते कॅच शिकवतं. पुढच्या पानांत एकेका पुस्तकाची आणि व्हिडिओ-संचाची ओळख येईलच. ती वाचण्याआधी हे साहित्य कुठून आलं, ते असं का आहे आणि ते वापरायचं कसं, एवढं वाचकाला ठाऊक असावं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवर गेली आहे.

महाराष्ट्रात कुस्तीचा वस्ताद शोधायला लांब जावं लागत नाही. ज्युदोचे वर्ग आहेत, मोठ्या शहरांत ब्राझिलियन जिउ-जित्सू आणि एमएमएच्या व्यायामशाळाही निघाल्या आहेत. कॅचचा परंपरेने शिकलेला शिक्षक मात्र आपल्याकडे जवळपास मिळतच नाही. जगातही अशी ठिकाणं मोजकीच आहेत: इंग्लंडमधलं विगन, जपानमधलं टोकियो, अमेरिकेतल्या काही तालमी. त्यामुळे कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या मुलाला-मुलीला कॅच शिकायची ओढ लागली, तर पहिला गुरू पुस्तक किंवा पडदाच असतो. हा गुरू चुकीचा निवडला तर दोन नुकसानं होतात. वर्ष-दोन वर्षं वाया जातात आणि जोडीदाराचा खांदा किंवा गुडघा कायमचा अधू होऊ शकतो. दुसरं नुकसान भरून येत नाही.

या कुस्तीचं घर म्हणजे उत्तर इंग्लंडमधला लँकेशायर परगणा. विगन, बोल्टन अशी कोळशाच्या खाणींची आणि कापडगिरण्यांची गावं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कामगारांच्या कुस्त्या पैजेवर होत. पैसा लागलेला असल्यामुळे निकाल निर्विवाद लागणं भाग होतं. विगनच्या बिली रायली यांनी याच परंपरेत नाव कमावलं आणि पुढे स्वतःची तालीम उघडली. साध्या शेडमधली ती तालीम ‘स्नेक पिट’ या नावाने जगभर माहीत झाली. बिली जॉयस, बिली रॉबिन्सन, रॉय वुड हे तिथे तयार झालेले मल्ल. कार्ल गॉच या नावाने पुढे गाजलेला बेल्जियमचा कारेल इस्ताझही तिथलाच. तो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेला कुस्तीगीर होता, तरी रायलींच्या तालमीत त्याला नव्याने शिकावं लागलं.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधवही होते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला मातीवरून गादीवर यायचं होतं आणि त्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले. लंडनमध्ये ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल कुस्ती कॅचच्याच वंशातली आहे. तिच्यातून शरणागतीच्या पकडी काढून टाकल्या गेल्या, इतकंच. म्हणजे मराठी पैलवानाचं आणि कॅचचं नातं परक्याचं नाही. मधली एक पिढी निसटली आहे, ती जोडून घ्यायची आहे.

अमेरिकेत ही विद्या आयोवा राज्यातल्या मार्टिन ‘फार्मर’ बर्न्स यांनी रुजवली. त्यांचा पट्टशिष्य फ्रँक गॉच. (कार्ल गॉचने पुढे घेतलेलं आडनाव याच्यावरूनच.) ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या जॉर्ज हॅकनश्मिटला सुमारे दोन तासांच्या कुस्तीनंतर हरवलं. गॉचची पायाची पकड, म्हणजे ‘टो होल्ड’, एवढी धास्तीची होती की विरोधक आपला पाय जपण्यातच अर्धी ताकद घालवत. त्या काळात जत्रांमधून ‘ॲथलेटिक शो’ भरत. गावातल्या कुणीही येऊन शोच्या मल्लासमोर ठरावीक मिनिटं टिकून दाखवावं आणि पैसे घेऊन जावेत, असं खुलं आव्हान असे. समोर कोण येईल याचा नेम नसल्यामुळे झटपट शरण आणणाऱ्या पकडी तिथे विशेष घोटल्या गेल्या. अशा पकडींना ‘हुक’ आणि त्या जाणणाऱ्याला ‘हुकर’ म्हणत.

१९२० च्या दशकात अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती ठरवून खेळायचा तमाशा झाली. खरी विद्या संपली नाही, पण ती आतल्या गोटात गेली. ज्यांना हुक येत होते त्यांना ते छापून वाटण्यात रस नव्हता, कारण त्यांची किंमतच त्या गुप्ततेत होती. आणि जे छापत होते ते बहुधा शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी किंवा टपालाने धडे मागवणाऱ्या हौशी ग्राहकांसाठी. जुन्या पुस्तकांत धोकादायक पकडी अर्ध्यावर का सोडलेल्या असतात, याचा उलगडा इथे होतो. पुस्तक हातात घेताना ते कोणासाठी आणि कोणत्या काळात लिहिलं गेलं हे आधी पाहावं, ते याचसाठी.

या जुन्या पुस्तकांपासूनच सुरुवात करू. शंभर वर्षांहून जुनी बरीच अमेरिकी पुस्तकं आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि त्यांच्या छायाप्रती फुकट मिळतात. त्यांतलं पहिलं नाव फार्मर बर्न्स यांच्या टपाली धड्यांचं. १९१४ च्या सुमारास निघालेले हे धडे पकडींच्या आधी श्वासाची, मानेची आणि सगळ्या अंगाची तयारी करून घेतात. पकड सांगितली की तिची तोडही सांगतात. हॅकनश्मिटचं कुस्तीशास्त्रावरचं पुस्तक १९०९ चं. त्यातल्या छायाचित्रांत अंगाची ठेवण बारकाईने पाहता येते. स्पाल्डिंग कंपनीच्या स्वस्त क्रीडामालेतलं कॅचवरचं छोटं पुस्तक आणि इंग्लंडच्या पर्सी लाँगहर्स्टचं लेखन हेही याच पिढीतलं.

या पुस्तकांचं मोल मोठं आहे, पण ती वाचायला शिकावं लागतं. छायाचित्रासाठी दोघे मल्ल थांबून उभे राहिले आहेत. अंगात अंतर आहे, पकड सैल आहे आणि नेमका महत्त्वाचा हात अनेकदा धडाच्या मागे लपला आहे. अशा चित्राकडे पाहताना तीन गोष्टी शोधाव्यात. वरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे? खालच्याचा मोकळा हात कुठे आहे? आणि या क्षणाच्या आधी खालच्याने काय केलं असेल, म्हणून हा हात सापडला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात क्वचितच असतं. ते जोडीदाराबरोबर गादीवर शोधावं लागतं आणि ते शोधण्यातच खरं शिक्षण होतं. चित्र पाहून नुसती नक्कल करणाऱ्याला पकड कळते, पण तिथे पोचायची वाट कळत नाही.

दुसरा गट चरित्रांचा आणि इतिहासाचा. लू थेझ यांचं ‘हुकर’ हे आत्मचरित्र, मार्क ह्यूइट यांचं अमेरिकेतल्या सुरुवातीच्या व्यावसायिक कुस्तीवरचं २००५ चं पुस्तक, आणि बिली रॉबिन्सन यांनी जेक शॅनन यांच्यासह लिहिलेलं २०१२ चं ‘फिजिकल चेस’ ही त्यांतली ठळक नावं. डाव शिकायचा म्हणून ही पुस्तकं उघडली तर निराशा होईल. पण शिकवण्याची पद्धत कळण्यासाठी त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. रॉबिन्सन यांच्या आठवणी वाचल्या की विगनच्या तालमीत पकडींची यादी पाठ करून घेत नसत हे लक्षात येतं. मुलाला एका अडचणीत टाकायचं, वडीलधाऱ्या मल्लाने वरून दाब द्यायचा, मुलाने उत्तर शोधायचं, चुकलं की पुन्हा तेच. कसं शिकायचं हे आधी शिका, असा तिथला आग्रह होता. हे एकदा मनात बसलं की पुढे कोणता व्हिडिओ याच रीतीने शिकवतो आणि कोणता फक्त पकडींचं प्रदर्शन मांडतो, हे ओळखायला वेळ लागत नाही.

तिसरा गट पकडींच्या कोशांचा. जीन लबेल यांच्या पुस्तकांसारख्या ग्रंथांत पानापानावर पेच आहेत. ते संदर्भासाठी जवळ असावेत, पण त्यांच्यापासून सुरुवात करू नये. इथेच एक मराठी ग्रंथ आवर्जून सांगतो. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा अनेक खंडांचा प्रकल्प मराठीत झाला. भारतीय शारीरिक शिक्षणावरचा त्यांचा इंग्रजी कोश १९५० साली निघाला. आपल्या कुस्तीचे डाव, त्यांच्या तोडी आणि कसरती त्यांनी ज्या शिस्तीने नोंदवल्या, ती शिस्त पाहिली की चांगलं तंत्रपुस्तक कसं असावं याचा मापदंड आपल्याच भाषेत मिळतो. कॅच शिकणाऱ्या मराठी वाचकाने जुन्या ग्रंथालयात जाऊन ते खंड जरूर चाळावेत. घिस्सा कुठे संपतो आणि कॅचमधली मानेची पकड कुठे सुरू होते, हे दोन्ही परंपरांची पुस्तकं शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

आता व्हिडिओंकडे वळू. पुस्तकात जी हालचाल हरवते ती इथे मिळते, म्हणून नवशिक्याचा ओढा इकडे असणार हे साहजिक आहे. बिली रॉबिन्सन यांनी उतारवयात, शरीर थकलेलं असताना दिलेले धडे चित्रित झालेले आहेत. ते पाहताना रॉबिन्सन स्वतः काय करून दाखवतात यापेक्षा शिष्याचं काय दुरुस्त करतात याकडे लक्ष द्यावं. कोपर बोटभर आत घे, डोकं या बाजूला आण, वजन आधी टाक आणि हात मग ओढ: अशी एकेक दुरुस्ती पूर्ण धड्याइतकी मोलाची असते. रॉय वुड यांच्यामुळे विगनची परंपरा आजही चालू आहे आणि तिथल्या धड्यांत पाया पक्का करण्यावर भर आहे. जॉश बार्नेट यांच्या धड्यांमागे हेवीवेट गटातल्या खऱ्या लढतींचा अनुभव आहे. नील मेलन्सन यांनी जमिनीवरचा दाब आणि नियंत्रण फार सूक्ष्मपणे उलगडलं आहे. टोनी चेकिनी यांचे संच घरी बसून कॅच शिकू पाहणाऱ्यांपर्यंत बरेच आधी पोचले आणि त्यांत पकडींच्या तपशिलावर जोर आहे. प्रत्येकाची वाट वेगळी आहे. नवशिक्याने एका वेळी एकाचीच वाट धरावी.

व्हिडिओ विकत घेण्याआधी त्याचा फुकट दाखवला जाणारा तुकडा बहुतेक ठिकाणी पाहायला मिळतो. तेवढ्यातही खूप कळतं. पकड लावताना शिक्षक समोरच्याच्या कोणत्या हालचालीची वाट पाहतो, हे तो सांगतो का? पकड निसटली तर पुढचा डाव दाखवतो का? कॅमेरा हातांवर येतो तसा कमरेवर आणि पायांवरही येतो का? जोडीदार जरा तरी विरोध करतो का, की मऊ होऊन पडून राहतो? पाठ लावण्याला वेळ दिला आहे का? तो कोणाकडे शिकला हे तपासून पाहता येण्याजोगं आहे का? आणि पकड कुठे थांबवायची, कधी सोडायची, हे तो बजावतो का? यांतली बहुतेक उत्तरं होकारार्थी आली तर पैसे खुशाल खर्च करावेत. ‘सर्वांत घातक’, ‘कुणालाही माहीत नसलेलं गुपित’ अशा शब्दांवर ज्याची विक्री चालते त्याला ही प्रश्नावली दुप्पट कडक लावावी.

नियंत्रणाचा आणि पाठ लावण्याचा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण तिथेच सर्वाधिक फसगत होते. कॅच या नावाखाली आज अनेक ठिकाणी फक्त शरणागतीच्या पकडी शिकवल्या जातात. पाठीवर पडून लढण्याची सवय लागलेल्या खेळाडूला ते सोयीचं वाटतं. पण कॅचच्या नियमात पाठीवर पडणं म्हणजे हरण्याच्या उंबरठ्यावर असणं. ज्या संचात गड्याला खाली आणणं, वर बसून दाबणं, फिरवणं आणि खांदे टेकवणं यांना जागा नाही, तो संच कितीही चांगला असला तरी त्याला कॅचचा अभ्यासक्रम म्हणता येणार नाही.

हे सगळं एका पकडीत पाहू. ‘डबल रिस्टलॉक’ ही कॅचची सर्वांत ओळखीची पकड. जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी १९५१ साली ब्राझीलमध्ये जिउ-जित्सूच्या हेलिओ ग्रेसी यांना याच जातीच्या पेचाने हरवलं, म्हणून जिउ-जित्सूत तिला ‘किमुरा’ म्हणतात. समोरच्याचं मनगट एका हाताने धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून आत घालून आपलंच मनगट पकडायचं. दोन्ही हातांचा मिळून चाराच्या आकड्यासारखा वेढा बसतो. पुस्तकात एवढंच दिसतं. चांगला व्हिडिओ पुढचं दाखवतो: अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवलेला आहे, समोरच्याचं कोपर वाकलेलंच ठेवून छातीशी घट्ट आणलेलं आहे, आणि पेच हातांनी ओढून बसत नाही, सगळं धड वळवल्यावर बसतो. त्याहून चांगला व्हिडिओ सांगतो की खालचा माणूस आपला लंगोट किंवा चड्डी धरून हात वाचवेल, तेव्हा आधी त्याचं वजन हलवायला हवं. आणि खरा कॅचचा शिक्षक शेवटचं पाऊल दाखवतो. खांद्यावरचा ताण कमी करायला खालचा ज्या दिशेला लोळेल, तिथेच त्याचे खांदे गादीला लागणार असतात. म्हणून वरच्याने आपली छाती आधीच त्या दिशेला नेऊन ठेवायची. तो लोळला तर चीत, न लोळला तर शरण.

याच पकडीचं खऱ्या लढतीतलं रूप पाहायचं असेल तर काझुशी साकुराबा आणि रेन्झो ग्रेसी यांची ऑगस्ट २००० मधली लढत पाहावी. साकुराबा हे जपानमध्ये रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाचा लाभ घेतलेले मल्ल. रेन्झो मागून कमरेला विळखा घालून आहेत. आपल्या पैलवानाला ही जागा चांगलीच ओळखीची. साकुराबा त्या विळख्यातलाच एक हात धरतात, वेढा घालतात आणि अंग फिरवतात. रेन्झोचं कोपर निखळतं. ती लढत पुन्हा पुन्हा, सावकाश करून पाहावी. हात धरल्यापासून अंग वळेपर्यंत साकुराबांचे पाय काय करतात ते पाहावं. अशी खरी लढत शिकवणीच्या व्हिडिओला पूरक असते. शिकवणीत डाव समजतो, लढतीत त्याची वेळ समजते.

आणि त्याच लढतीने धोकाही समोर ठेवला आहे. मातीतल्या कुस्तीत दुखापती होतात, पण तिथे सांधा मोडण्याच्या दिशेने नेणं हा डावाचा हेतू नसतो. कॅचमध्ये तो धाक हेच हत्यार आहे. पाय पिरगळणाऱ्या पकडींत वेदना उशिरा जाणवते. गुडघा दुखायला लागेपर्यंत आतलं लिगामेंट गेलेलं असू शकतं. मानेच्या पकडींबद्दल तर वेगळं सांगायला नको. म्हणून पडद्यावर पाहून या दोन जातींच्या पकडी कुणीही, विशेषतः वाढीच्या वयातल्या मुलांनी, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीशिवाय करू नयेत. बाकी पकडींतही जागा घट्ट धरून मग सावकाश ताण द्यायचा, आणि जोडीदाराने थाप मारताच, निम्मी मारली तरी, सोडायचं. थापेला मान न देणाऱ्याबरोबर सराव करू नये. जोडीदार शाबूत राहिला तरच उद्याचा सराव आहे.

आपल्या वाचकाने सुरुवात कुठून करावी हे त्याच्या आजवरच्या तालमीवर अवलंबून आहे. लाल मातीत घडलेल्याला गड्याला खाली घेणं, पट काढणं, कमरेची ताकद आणि वर राहण्याची खोड आधीच मिळालेली असते. त्याने रॉबिन्सन किंवा विगन परंपरेचे धडे घ्यावेत आणि खाली बसलेल्या गड्यावरच्या पकडींपासून सुरुवात करावी. आपल्या डावाच्या वाटेत समोरच्याचा हात कुठे मोकळा राहतो, हे त्याने शोधावं. जिउ-जित्सूतून आलेल्याला पेच येतात, पण पाठीवर पडण्याची भीती नसते. त्याने सर्वांत आधी खांदे वाचवायला आणि वर बसून वजन टाकायला शिकावं. त्याला पुस्तकांपेक्षाही जवळच्या तालमीतला वस्ताद अधिक शिकवेल. आणि जो कोराच आहे त्याने आधी वर्षभर कुठल्याही एका कुस्तीत अंग मळवावं. पडायचं कसं हे पडद्याकडे पाहून येत नाही.

अंगमेहनतीचं साहित्य वेगळं विकत घेण्याची आपल्याला फारशी गरज नाही. कार्ल गॉच यांच्या तयारीत जोर, बैठका आणि मानेचे पूल मध्यभागी होते. पत्त्यांचा जोड पिसून प्रत्येक पानाला ठरलेली कसरत करायची, ही त्यांची पद्धत जपानी शिष्यांनी पुढे नेली. पाश्चात्त्य जगात आजही बैठकांना ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. जे आपल्या तालमीत रोज पहाटे होतं त्याच्यासाठी परदेशी संचाला पैसे मोजू नयेत. ते पैसे चांगल्या गादीसाठी, किंवा जोडीदारासह एखाद्या शिबिराला जाण्यासाठी ठेवावेत.

शेवटी वापराबद्दल. एक पुस्तक आणि एक संच, एवढ्यावर काही महिने काढावेत. एक जागा निवडावी, समजा खाली चार पायांवर बसलेला गडी. त्या जागेवरच्या दोन-तीनच पकडी घ्याव्यात. आधी विरोधाशिवाय, मग निम्म्या ताकदीने आणि मग पूर्ण ताकदीने कराव्यात. काय सुटलं आणि का सुटलं हे त्याच दिवशी वहीत लिहावं आणि ती नोंद घेऊन पुन्हा पुस्तकाकडे जावं. पहिल्या वाचनात न दिसलेली ओळ तेव्हा दिसते. जवळपास कुस्तीचा वस्ताद असेल तर त्यांना व्हिडिओ दाखवावा. कॅच हे नाव त्यांनी ऐकलेलं नसेल, पण वजन कुठे आहे आणि गडी कुठे लोळणार हे ते एका नजरेत सांगतील. पडद्यावरच्या परदेशी शिक्षकाला आपल्या तालमीतल्या माणसाची जोड मिळाली तर हे शिक्षण पुष्कळसं पुरं होईल.

पुढच्या पानांत ज्या पुस्तकांची आणि व्हिडिओंची ओळख आहे ती याच दृष्टीने वाचावी, ही विनंती. कोणता संच सर्वांत मोठा किंवा सर्वांत महाग आहे हे पाहू नका. कोणता शिक्षक तुम्हाला चुकू देतो आणि मग चूक दाखवतो, ते पाहा. त्याचं साहित्य घ्या, जोडीदार शोधा आणि गादीवर उतरा.